नागपूरच्या थंडीत स्टीम आणि सौना : पहिल्यांदा जाताना काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या खालीही घसरतो आणि सकाळी मान-खांदे आखडलेले असतात. स्टीम-सौना घ्यायचा तर हाच हंगाम. मे महिन्यात ४५ अंशांत शरीर आधीच दिवसभर घाम गाळून थकलेलं असतं, त्याला आणखी तापवण्यात शहाणपण नाही. उन्हाळ्यात हा विषय सरळ बाजूला ठेवा.

वेळ घेताना स्पामध्ये नेमकं काय आहे ते विचारा. सौनात लाकडी खोली, कोरडी हवा आणि साधारण ७० ते ९० अंश तापमान असतं. स्टीम रूम ४०-५० अंशांचीच, पण हवा वाफेने भरलेली. आकडा कमी म्हणून स्टीम सोपी समजू नका. तिथे घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराला थंड व्हायला वावच मिळत नाही. आयुर्वेदिक केंद्रात आधी तेल लावून, म्हणजे स्नेहन करून, मग पेटीत बसवून वाफ, म्हणजे स्वेदन, देतात. डोकं पेटीबाहेर राहतं, म्हणून वाफेत कोंडल्यासारखं होणाऱ्यांना ते बरं पडतं. दाराबाहेर कुणी लक्ष ठेवायला असतं का, हेही विचाराच.

गर्भवती असाल, ताप असेल, हृदयविकार असेल, बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका लागलेला कळत नाही, त्यांनीही विचारूनच जावं. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असलेल्या पुरुषांनी सध्या टाळावं, कारण उष्णतेने शुक्राणू कमी होतात. दारू पिऊन तर अजिबात जायचं नाही.

जेवण दोन तास आधी, तेही हलकं. सावजीचा बेत त्या दिवशी नको. तासभर आधीपासून थोडं थोडं पाणी प्या. चेन, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा, सौनात धातू चांगलाच तापतो. शॉवर घ्या, अंग कोरडं करा आणि टॉवेल अंथरून खालच्या बाकावर बसा. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा बाक जास्त तापलेला असतो.

पहिल्या वेळी स्टीममध्ये पाच-सात मिनिटं आणि सौनात आठ-दहा मिनिटं पुरेत. सुरुवातीला फक्त कातडीला ऊब जाणवते. मग कपाळावर, ओठावर घामाचे थेंब धरतात आणि हळूहळू खांदे आपोआप खाली येतात. तेवढ्यासाठीच आपण आलेलो असतो. मळमळ, धडधड किंवा डोकं हलकं वाटलं की त्याच क्षणी बाहेर या, ‘अजून दोन मिनिटं’ म्हणू नका. उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरून बीपी उतरलेलं असतं, झटकन उभं राहिलं की चक्कर येते.

बाहेर आल्यावर दहा मिनिटं नुसतं बसा. घाईने पुढचं काही उरकायला जाऊ नका, खरा आराम याच वेळात मिळतो. मग कोमट पाण्याने शॉवर घ्या. बर्फाच्या पाण्यात उडी मारणं नवख्यांसाठी नाही. बरं वाटत असेल तर आणखी एक फेरी घ्या आणि तिथेच थांबा.

नंतर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी प्या. काट्यावर वजन कमी दिसेल, पण ते पाण्याचं असतं, पाणी प्यायलं की परत येतं. ‘घामावाटे शरीरातलं विष निघून जातं’ असं सांगून महागडं पॅकेज गळ्यात मारू पाहणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा, ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात.

वेळ शक्यतो संध्याकाळची घ्या. तापलेलं अंग पुढे निवत गेलं की झोप छान लागते. फक्त घाम पूर्ण थांबेपर्यंत, निदान अर्धा तास तरी, तिथेच बसा, आणि स्वेटर, कानटोपी चढवूनच गाडीला किक मारा.