सेवांची माहिती एकत्र आणायची कार्यशाळा: आधी काय काय करून ठेवायचं

निवारा, दवाखाना, समुपदेशन अशा सेवांच्या याद्या वेगवेगळ्या संस्थांकडे असतात; त्या एकत्र आणायच्या कार्यशाळेची ही तयारी. तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: आपण वाटून घेणार आहोत ती माहिती सेवांची की माणसांची? निवारा कुठे आहे, किती वाजता उघडतो, कोणाला प्रवेश मिळतो ही सेवांची माहिती. अमुक बाईंना तिथे पाठवलं, त्या पोचल्या का, ही माणसांची. ‘रेफरल डेटा’ (गरजूला योग्य सेवेकडे पाठवण्यासंबंधीची माहिती) म्हटलं की दोन्हींची खिचडी होते आणि संमती, गोपनीयता यांवर बोलण्यातच दिवस संपतो. पहिल्या बैठकीत फक्त सेवांची माहिती घ्या. दुसऱ्या प्रकारासाठी कायदा जाणणारी माणसं लागतात, म्हणून तिला वेगळा दिवस द्या.

मग बोलावण्यांची यादी. वीस-पंचवीस जण पुरेत. संस्थाचालक आणि संगणकवाले न बोलावताही येतात. खटपट करून आणायचं ते हेल्पलाइनवर फोन उचलणाऱ्यांना आणि याद्या हाताने दुरुस्त करणाऱ्यांना. त्यांचा दिवस बुडतो, तेव्हा मानधनाची तरतूद आधीच करा. त्यांना न बोलावण्याची चूक आम्ही एकदा केली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडद्यावर एपीआयच्या (संगणक-प्रणालींनी आपसात माहिती देण्याघेण्याच्या सोयीच्या) आकृत्या चालल्या होत्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या, सहज म्हणून आलेल्या एका हेल्पलाइनच्या ताईंनी पिशवीतून वही काढली. खाडाखोड केलेले नंबर, समासात ‘मंगळवारी उचलत नाहीत’, ‘मागच्या दाराने जा’. खोलीतली सगळ्यात ताजी माहिती त्या वहीत होती, आणि त्यांना बोलवायचं आम्हाला सुचलंही नव्हतं.

तीन आठवडे आधी प्रत्येक संस्थेकडून पन्नासेक नोंदींचा नमुना मागवा. पूर्ण यादी मागू नका. ती मागितली की ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ सुरू होतं. नमुना सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) हवा, पण कोणी एक्सेल नाहीतर छापील कागद पाठवला तरी घ्या. आल्यावर तीन-चार याद्यांत सापडणारी एकच सेवा शोधा, प्रत्येक यादीतली तिची नोंद मोठ्या अक्षरांत छापा आणि भिंतीवर शेजारीशेजारी लावा. एकीत वेळ दहा ते पाच, दुसरीत दुपारी बंद, तिसरीत फोन नंबर जुनाच. त्या दिवशी सर्वांसमोर स्पीकरवर फोन लावून खरं काय ते विचारायचं. त्या सेवेच्या लोकांना मात्र आदल्या दिवशी कल्पना द्या, नाहीतर त्यांना ती झडती वाटेल.

नोंदींची मांडणी नव्याने शोधत बसू नका. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ओपन रेफरल या उपक्रमाने ह्युमन सर्व्हिसेस डेटा स्पेसिफिकेशन नावाचा, कोणालाही वापरता येणारा खुला आराखडा तयार केला आहे. संस्था, सेवा आणि ठिकाण यांच्या नोंदी त्यात वेगळ्या ठेवतात आणि कोणती सेवा कोणत्या ठिकाणी मिळते ते जोडून दाखवतात. एकाच संस्थेचा दवाखाना दोन ठिकाणी वेगवेगळ्या वेळी चालतो, हे एका ओळीच्या यादीत नीट बसतच नाही. या आराखड्याचं एक पान छापून टेबलांवर ठेवा. त्यावर भाषण नको. वर्गीकरणाचा वाद मात्र त्या दिवशी काढू नका. ‘समुपदेशन’ आरोग्यात की कुटुंबकल्याणात, यावर माणसं संध्याकाळपर्यंत भांडू शकतात.

काही नोंदी भिंतीवर जाताच कामा नयेत. घरगुती हिंसाचारातून सुटलेल्यांच्या निवाऱ्याचा पत्ता हे ठळक उदाहरण: तिथे फक्त संपर्काचा नंबर, आणि तोही त्या संस्थेला विचारून. नमुने छापण्याआधी या नजरेने एकदा चाळून घ्या. आयत्या वेळी कागद फाडण्याची पाळी येऊ नये.

खरं घोडं पेंड खातं ते नोंद ताजी ठेवण्यात. सुरुवातीला उत्साहाने सगळेच माहिती देतात. सहा महिन्यांनी नंबर बदलला की कोण दुरुस्त करणार, त्याच्या पगाराचे पैसे कुठून येणार, हे कोणी बोलत नाही. त्यासाठी दुपारचे दोन तास राखून ठेवा आणि रिकामा तक्ता तयार ठेवा: कोणती नोंद, कोण तपासणार, किती दिवसांनी, चूक दिसली तर कोणाला कळवायचं. प्रत्येक नोंदीला ‘शेवटची तपासणी’ हा रकाना हवाच. माहिती कोणत्या परवान्याखाली खुली होणार, म्हणजे ती इतरांनी कोणत्या अटींवर वापरायची, हेही त्याच वेळी विचारा. काही संस्थांची यादी हेच त्यांचं उत्पन्न असतं, त्यांना कोपऱ्यात गाठून नाही, आधी फोनवर विचारा.

बाकी किरकोळ: प्रास्ताविक पंधरा मिनिटांत आटपा, पाहुण्यांचे सत्कार टाळा. जाड मार्कर, भिंतीचा रंग न उखडणारी चिकटपट्टी, दोन एक्स्टेन्शन बोर्ड. टिपणं घेणाऱ्याला दुसरं काम देऊ नका. आणि कागद उतरवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. सफाईवाले वेळेआधी येतात.