स्टारलाइट स्टेज: आधी टायमिंग जुळवा

'आयडॉलमास्टर सिंड्रेला गर्ल्स: स्टारलाइट स्टेज' (२०१५) हा गाण्याच्या ठेक्यावर टॅप करायचा मोबाइल गेम खेळताना ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. अंगठा अगदी ठेक्यावर पडतो, पण नोट (टॅप करायची सरकती खूण) तोवर वर्तुळ ओलांडून गेलेली असते आणि छान चाललेला कॉम्बो, म्हणजे अचूक टॅपची सलग मालिका, तुटतो. वायरवाला इअरफोन लावा, मग सेटिंगमध्ये टायमिंग जुळवा. एका सोप्या गाण्यावर तपासा. सगळे टॅप लवकर किंवा सगळेच उशिरा पडत असतील, तर थोडं थोडं सरकवत जा. फोन अडखळत असेल तर थ्रीडीऐवजी टूडी निवडा. पडद्यावरच्या आयडॉल मुलींचा नाच हुकतो, याचं मलाही वाईट वाटतं. आणि हो, 'कूल' प्रकारच्या गाण्याला युनिटमध्ये, म्हणजे तुम्ही निवडलेल्या गटात, 'कूल' प्रकारच्याच मुली घ्या, गुण वाढतात.