स्ट्रॉबेरी-तुतीचं क्रम्बल: साखर कमी, पण पाणचट नाही

स्ट्रॉबेरीचं क्रम्बल, म्हणजे खाली फळ आणि वर पीठ-तुपाचा कुरकुरीत थर घालून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ, घरी करून पाहिलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. वरचा थर बरा झाला, पण खाली नुसतं गुलाबी पाणी. मग पुढच्या वेळी कुणी साखर वाढवतं, कुणी कॉर्नफ्लोअरचे चार चमचे घालतं, कुणी चियाच्या बिया टाकून सगळं बुळबुळीत करून ठेवतं. ‘हेल्दी’ म्हणून करायला घेतलेला पदार्थ शेवटी गोड लापशी होतो.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ओव्हनमध्ये ते सुटणार, आणि सुटलं की त्यात फळाचा आंबटगोडपणाही पातळ होणार. चव फिकी लागते म्हणून आपण साखर ओततो. साखर कमी करायची असेल तर आधी पाणी कमी करायला हवं. ते केलं, तर एवढ्या मोठ्या भांड्याला साखर आणि गूळ मिळून ५० ग्रॅम पुरतात. सहा जणांत वाटलं तर माणशी आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमच्यांच्या आसपास.

इथेच गुळाबद्दल बोलून टाकते. ‘साखरेऐवजी गूळ किंवा मध घाला, म्हणजे पौष्टिक’ हा सल्ला सगळीकडे दिसतो आणि तो दिशाभूल करणारा आहे. गूळ चवीला खमंग असतो म्हणून मी तो वरच्या थरात घालते, पण शरीराच्या हिशोबात तो साखरेच्याच खात्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मध आणि फळांचा रस साखरेबरोबरच मोजले आहेत. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. एक वाटी साखर काढून एक वाटी गूळ घातला तर काहीही कमी झालेलं नसतं. आणि मधुमेह असलेल्यांना हा पदार्थ खुशाल चालतो असंही मी म्हणणार नाही. किती खायचं ते त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

फळ

यासाठी मार्च-एप्रिलची महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी उत्तम. डिसेंबरातली मोठी, टोकदार, दिसायला सुरेख फळं खायला ठेवा. हंगामाच्या शेवटी येणारी लहान, गडद लाल, थोडी मऊ फळं स्वस्त असतात आणि भाजायला तीच चांगली. देठाजवळ पांढरी राहिलेली घेऊ नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. घरी ठेवून ती लाल होईलही, पण गोडी वाढणार नाही. डबा उलटा करून तळ बघा आणि नाकाजवळ धरा. वास येत नसेल तर भाजूनही येणार नाही.

त्याच सुमारास तुती येते. ती मी आवर्जून घालते, कारण तिच्यात गर जास्त आणि आंबटपणा कमी. स्ट्रॉबेरीचा नेमका उलटा स्वभाव. तुतीच्या आतून हिरवा देठ जातो, तो ओढून काढायला गेलात तर फळ फाटतं. कात्रीने बाहेरचा भाग कापा, आतला राहू द्या, शिजल्यावर कळतही नाही. तुती मिळाली नाही तर नुसती स्ट्रॉबेरी घ्या. करवंदं घालायचा सल्ला मी वाचला आहे. बिया काढायची तयारी असेल तर घाला. जांभूळ यात नको, त्याचा तुरटपणा सगळ्यावर चढतो.

प्रमाण सहा जणांचं: स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, तुती २०० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे, लिंबाचा रस एक लहान चमचा आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल, कॉर्नफ्लोअर दोन लहान चमचे, चिमूटभर मीठ, चिमूटभर ताजी मिरपूड. मिरपूड वगळू नका. वेलची मात्र घालू नका. वेलची आली की स्ट्रॉबेरीची चव मागे पडते आणि सगळं शिऱ्यासारखं लागायला लागतं.

पाणी काढणं

सुरुवातीला माझं घोडं इथेच अडायचं, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, मग देठ काढा. उलटं केलं तर पाणी आत शिरतं, आणि आपली सगळी खटपट ते बाहेर काढण्याची आहे. कापडावर पसरून कोरडी करा. लहान फळं अख्खी न ठेवता दोन भाग करा, मोठ्यांचे चार. त्याहून बारीक चिरू नका, नाहीतर जॅम होईल.

चिरलेल्या स्ट्रॉबेरीला साखर आणि मीठ चोळा, आणि बारीक जाळीच्या चाळणीत घालून खाली स्टीलचं पातेलं ठेवा. तुती यात नको, ती नंतर. पाऊण तास हात लावू नका. साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते आणि पातेल्यात लाल, पारदर्शक रस जमतो. फळ किती रसाळ आहे त्यावर तो कमी-जास्त होईल, पण अर्धी वाटी तरी निघतोच. चाळणी दाबू नका, पिळू नका. दाबून निघतो तो गाळ, आणि फळाची शकलं लगद्यासारखी होतात.

साखरेच्या जागी स्टीव्हिया, म्हणजे गोड पानांचा अर्क, घालणाऱ्यांचं गाडं इथे अडतं. स्टीव्हियाचे चार थेंब पाणी ओढून काढू शकत नाहीत. या पायरीवर साखर फक्त गोडीसाठी नसते, तिला काम असतं. ते दोन चमचे वाचवायला जाऊ नका.

हा रस फेकायचा नाही. बऱ्याच कृतींमध्ये ‘सुटलेलं पाणी काढून टाका’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून मला खरोखर वाईट वाटतं. फळाचा वास, रंग आणि आपण घातलेली बहुतेक साखर त्याच रसात आहे. तो टाकला तर चाळणीत चोथा उरतो.

रस मध्यम आचेवर आटवायला ठेवा. भांडं स्टीलचंच हवं. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात या आंबट रसाला धातूची चव लागते आणि लाल रंग निळसर, मळकट होतो. आधी गुलाबी फेस येईल, तो चमच्याने बाजूला करा. सुरुवातीचे बुडबुडे बारीक आणि भराभर फुटणारे असतात. पाच-सात मिनिटांत ते मोठे, सावकाश आणि चकचकीत होतात, उकळण्याचा आवाज जड होतो. चमचा तळावरून ओढला की मागे रेघ दिसली पाहिजे आणि दोन क्षणांनी ती मिटली पाहिजे. रेघ मिटलीच नाही तर जास्त आटलं. चमचाभर पाणी घालून हलवा. अर्ध्या वाटीचे साधारण तीन मोठे चमचे उरतात. या शेवटच्या मिनिटात फोन घेऊ नका. कमी साखरेचा रस एकदा करपला की त्याचा कडूपणा कशानेच जात नाही.

आता थांबा. पाक कोमट होऊ द्या. एका मोठ्या भांड्यात चाळणीतली स्ट्रॉबेरी, तुती, लिंबाचा रस, साल आणि मिरपूड एकत्र करा, वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने कालवा, आणि मगच पाक ओता. उकळता पाक कॉर्नफ्लोअरवर पडला तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत दाताखाली येतात. लिंबू फक्त चवीला नाही. आंबटपणामुळे लाल रंग टिकतो आणि तुतीचा गुळचट सपाटपणा जातो.

आटवल्यामुळे जीवनसत्त्वं जातात का, असं मला नेहमी विचारतात. क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, आणि ओव्हनमध्येही ते जाणारच होतं. त्यासाठी थोडी स्ट्रॉबेरी ताजीच खा.

वरचा थर

जाड ओट्स ६० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, जाडसर कुटलेले बदाम ४० ग्रॅम, गुळाची पावडर २५ ग्रॅम, तूप तीन मोठे चमचे, मीठ आणि सुंठ चिमूटभर. झटपट शिजणारे ओट्स नकोत, त्यांचा लगदा होतो. ज्वारीचं पीठ कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडं भाजून पूर्ण गार करा, नाहीतर भाजल्यानंतरही कच्चट लागतं.

तूप थिजलेलं हवं. उन्हाळ्यात ते पातळच असतं, म्हणून आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पातळ तूप पिठात मुरून जातं आणि थराची वाळू होते. मी लोण्याऐवजी तूप वापरते, कारण बाजारच्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि तुपात जवळजवळ नसतं. थर कुरकुरीत राहतो. तूप बोटांच्या टोकांनी चोळा. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून चमचाभर गार पाणी शिंपडून मुटका वळून पाहा. मूठ वळली आणि दाबल्यावर बोराएवढे तुकडे पडले की झालं. मग फ्रीजमध्ये ठेवा.

भाजणं

ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या. फळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या उथळ भांड्यात घाला. ते भांडं फ्रीजमधून थेट गरम ओव्हनमध्ये नको, काच तडकते.

आपल्याकडच्या लहान ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, वरचा तापणारा रॉड फार जवळ असतो. सगळं एकदम ठेवलं तर पंधरा मिनिटांत वरचा थर काळपट होतो आणि खालचं फळ जेमतेम कोमट असतं. म्हणून आधी नुसतं फळ बारा ते पंधरा मिनिटं भाजा, कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत. मग थर वर मोकळा पसरा, दाबू नका, आणि आणखी पंचवीस मिनिटं. वरून रंग लवकर आला तर वरचा रॉड बंद करा. कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह असेल तर १७० अंश पुरतात.

झालं की नाही हे रंगावर ठरवू नका. भांड्याच्या मधोमध, नुसतं कडेला नाही, जाड बुडबुडे फुटायला हवेत. कॉर्नफ्लोअर पुरतं आळायला ९५ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि मध्यभागी ती सगळ्यात शेवटी पोचते. कडेला बुडबुडे आले म्हणून बाहेर काढलंत तर मधला भाग पिठूळ आणि पातळ राहतो.

बाहेर काढल्यावर किमान चाळीस मिनिटं वाढू नका. गरम असताना खालचा रस पातळच दिसतो. निवताना तो धरतो. मुलं भोवती फिरतात, पाहुणे वाट बघतात, तरी थांबा. गरम खायचंच असेल तर पूर्ण निवल्यावर दहा मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा.

सोबत आइस्क्रीम नको. साखर न घातलेला चक्का थोडा फेटून बाजूला वाढा. त्याचा आंबटपणा या फळाला फार शोभतो, आणि श्रीखंडाच्या सवयीने कुणी ‘गोड नाही’ म्हणालं तरी दुसऱ्या घासाला ते गप्प होतात.

उरलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर वरचा थर मऊ पडतो, ओव्हनच वापरा. जास्त माणसांसाठी करायचं असेल तर भांडं खोल न घेता दोन उथळ भांडी घ्या. खोल भांड्यात मधला भाग भाजेपर्यंत कडा करपतात.

एप्रिलच्या शेवटी स्ट्रॉबेरी स्वस्त मिळाली तर धुऊन, कोरडी करून, ताटात सुटी पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा. पावसाळ्यात वापरताना ती वाडग्यात वितळू देऊ नका. गोठलेल्या फळाला ताज्यापेक्षा बरंच जास्त पाणी सुटतं. साखर चोळून थेट चाळणीत ठेवा, दोन-अडीच तास द्या, आणि खाली जमेल तो सगळा रस आटवा. त्याला दहा-बारा मिनिटं लागतील, पण चमच्यामागची रेघ तशीच दिसली पाहिजे.