वर्कस्टेशनच्या डिस्कचं फर्मवेअर: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, मी पहिल्यांदा एकटा कॉलवर गेलो, तेव्हा तक्रार डिस्कची नव्हतीच. प्लॉटरची केबल बदलायची होती. काम उरकून बॅग उचलली आणि कोपऱ्यातल्या वर्कस्टेशनमधून बारीक ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’. तिथे बसणाऱ्या काकांना विचारलं, तर म्हणाले, “दोन महिने झाले, असंच वाजतंय. चालतंय ना, मग राहू दे.”

मी बॅग खाली ठेवली आणि डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं. वर निळ्या चौकटीत ‘गुड’. बहुतेक जण इथेच थांबतात. मी खाली लोड सायकल काउंटची ओळ पाहिली. डिस्क वाचणारं-लिहिणारं हेड किती वेळा बाजूला जाऊन टेकलं, म्हणजे पार्क झालं, त्याची ही मोजणी. आकडा होता ६२३४५. अशा डिस्कची हमी साधारण ३ लाख वेळांची असते, म्हणजे बासष्ट हजार काहीच नाही, असं वाटून मी निघणारच होतो. मग आठवलं, हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, दाखवतं. सेटिंग बदलून दशमान केलं, तर तोच आकडा ४,०२,२४५ झाला. डिस्क चालू राहिली होती जेमतेम ४,१०० तास. म्हणजे तासाला ९८ वेळा हेड उतरत आणि चढत होतं.

हे का होतं, ते नीट समजून घ्या. आपल्या कामाचा गाभा तोच आहे. डिस्कमध्ये प्लॅटर, म्हणजे डेटा साठवणारी गोल चकती, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. काम नसलं की हेड बाजूच्या प्लास्टिकच्या रॅम्पवर नेऊन ठेवतात. कधी ठेवायचं, हे फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतच बसवलेला प्रोग्राम, ठरवतं. कमी वीज खाणाऱ्या काही डिस्कमध्ये ही वेळ फक्त ८ सेकंद ठेवलेली होती. दिवसभर नुसती साठवण करणाऱ्या डिस्कला ते चालून जातं. पण कॅडच्या, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या, मशीनवर ऑटोसेव्ह असतो, विंडोजची पाठीमागची लिखापढी असते. हेड रॅम्पवर टेकतं न टेकतं तोच पुन्हा बोलावणं येतं. रॅम्प घासतो, त्याचे कण उडतात, आणि एक दिवस हेड प्लॅटरला लागतं. मोडतो तो हाताला लागणारा भाग, पण त्याला तिथवर नेते ती फर्मवेअरमधली एक वेळ.

त्या ऑफिसात तशाच ९ मशीन होत्या. काकांची डिस्क आम्ही थेट बदलली, कारण झिजलेला रॅम्प फर्मवेअरने भरून येत नाही. बाकीच्या आठांवर आकडे दीड लाखाच्या आसपास होते. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी पार्किंगची वेळ वाढवणारं फर्मवेअर काढलेलं होतं. आधी एका मशीनवर चढवलं, आठवडाभर पाहिलं, मग उरलेल्या सातांवर.

अपडेट हा इलाज नाही, हे मी फार महागात शिकलो. सातपूरला एका मशीनवर पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे, दिसत होते. मला वाटलं, नवं फर्मवेअर टाकलं की सुधारेल. अपडेट झालं, मशीन बंद केलं, आणि नंतर ती डिस्क बायोसमध्ये आलीच नाही. शेवटचा बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा होता. तिथल्या डिझायनर ताईंनी साच्याची ड्रॉइंग चार रात्री बसून पुन्हा काढली. मी रोज जाऊन शेजारी बसायचो, पण मदत करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. तेव्हापासून रिअ‍ॅलोकेटेड (खराब झाल्याने दुसऱ्या जागी हलवलेले) किंवा पेंडिंग सेक्टर वाढताना दिसले की मी फर्मवेअरचं नाव काढत नाही. आधी डेटा बाहेर, मग नवी डिस्क.

उलटंही असतं. डिस्क धडधाकट आणि दोष निव्वळ फर्मवेअरचा. २००८च्या अखेरीस सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ डिस्क एसडी१५ या फर्मवेअरमुळे सुरू होतानाच अडकून पडू लागल्या. आतला डेटा शाबूत, पण मशीनला डिस्क दिसेना. जानेवारी २००९मध्ये दुरुस्ती आली, आणि त्या पहिल्याच दुरुस्तीने ५०० जीबीच्या काही डिस्क बंद पाडल्या. म्हणून नवं फर्मवेअर आलं त्याच दिवशी सगळीकडे चढवू नका. एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइज) नोव्हेंबर २०१९मध्ये सर्व्हरमधल्या काही एसएएस एसएसडींबद्दल इशारा दिला होता: अपडेट केलं नाही तर ३२,७६८ तास भरताच ड्राइव्ह बंद पडणार. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, मग रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून केलेली अनेक डिस्कची जोडणी, असून उपयोग काय? सॅमसंगच्या एचडी२०४यूआय या डिस्कची तर गंमतच वेगळी होती. दुरुस्ती चढवली तरी आवृत्तीचा क्रमांक तोच राहायचा. कोणत्या डिस्कवर काम झालं, ते स्क्रीन सांगत नव्हती. सांगू शकत होती ती फक्त तुमची वही.

आता प्रत्यक्ष कामाचं. मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती लेबलवरूनही घ्या आणि डिस्कची माहिती वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडवरूनही. डेल, एचपी, लेनोव्होच्या मशीनमध्ये आलेल्या डिस्कवर बरेचदा त्या कंपनीचं स्वतःचं फर्मवेअर असतं, तेव्हा फाइल मशीनच्या सर्व्हिस टॅगवरून किंवा सिरियल नंबरवरून शोधा. वरून मॉडेल सारखं दिसलं म्हणून दुसरं चढवू नका. बॅकअप घेतला असं कोणी तोंडी सांगितलं तर पुरे मानू नका. त्यातली एखादी मोठी असेंब्लीची कॅड फाइल उघडून बघा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की हातात ठेवा. बाकीच्या डिस्कच्या केबल काढा. यूएसबी कन्व्हर्टरला लावून अपडेट करू नका.

आणि वीज. नाशिकमध्ये मे संपता संपता वारा सुटतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस आहे एवढ्यावर विसंबू नका. अपडेटच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करून तो खरंच किती मिनिटं तग धरतो, ते घड्याळ लावून पाहा. मला दोन ठिकाणी बॅटरी पूर्ण मेलेली सापडली, आणि दोन्हीकडे यूपीएसचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता.

अपडेटनंतर नुसतं रीस्टार्ट करू नका. मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, थोडं थांबा, मग सुरू करा. आवृत्ती आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतः ठेवते ते तब्येतीचे, आकडे पुन्हा टिपा.

वहीचे रकाने माझे साधे आहेत: तारीख, मशीन, सिरियल नंबर, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, चालू तास, लोड सायकल, रिअ‍ॅलोकेटेड, पेंडिंग. कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा अशी भरलेली चार पानं मुलाखतीत जास्त बोलतात. माझ्याकडे कोणी नवा मुलगा किंवा मुलगी आली की मी आधी वही मागतो. नसेल तर पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर देत नाही, वही देतो.

काकांची जुनी डिस्क त्यांच्या परवानगीने, आतला डेटा पूर्ण पुसून, झाकण काढून मी टेबलावर ठेवली आहे. हेड काढून रॅम्पवर भिंग धरलं की दोन बारीक चरे दिसतात. नव्या माणसाला मी ते दाखवतो, आणि मग शेजारच्या वहीतला ४,०२,२४५ हा आकडा वाचायला सांगतो.