बान सेओ: तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत व्हिएतनामी प्रकार, आपल्या हळदीत

हे दिसतं ऑम्लेटसारखं पण यात अंडं नसतंय बरं का, पिवळा रंग सगळा हळदीचा. मग सांगलीत ते करायचं नाही तर कुठं करायचं, आपल्या हळदीला २०१८ ला जीआय टॅगपण मिळालाय. फक्त इथली हळद रंगाला लई कडक, अर्धा चमचा बास, जास्त झाली की कडवट लागतं.

पीठ साध्या तांदळाचं घ्या, कोलम चालतो, इंद्रायणी नको, चिकट होतं. गिरणीतनं भाकरीसाठी दळलेलं असेल तर बारीक चाळणीनं चाळून घ्यायचं. २ वाट्या पीठ, १ वाटी नारळाचं दूध, अडीच वाट्या पाणी, मीठ, हळद, आणि कांद्याची पात बारीक चिरून. ताकापेक्षा जरासं दाट ठेवा, तासभर झाकून ठेवा. दक्षिण व्हिएतनाममध्ये नारळाचं दूध घालून तव्याएवढं मोठं करतात, मध्य भागात छोटं छोटं. काही जण कुरकुरीतपणासाठी पिठात बिअर ओततात, घरात चालत नसेल तर अर्धी वाटी पाणी कमी करून तेवढा गार साधा सोडा घाला, आयत्या वेळी.

आत भरायला तिकडं डुकराचं मटण, कोळंबी आणि मोडाचे मूग. आपण कोळंबी नाहीतर चिकनचे पातळ काप घेऊ, शाकाहारी असाल तर मशरूम, पनीर मात्र नको, जमत नाही. मुगाचे मोड उसळीला काढतो तसे आखूड नकोत, अंधारात ठेवून वरनं वजन ठेवून तीनचार दिवस वाढवा, चांगले बोटभर लांब होतात, रोज एकदोनदा पाणी मारायला विसरायचं नाही.

आता खरी गोष्ट तव्याची. घावनाला आपण तेलाचं बोट फिरवतो, इथं तसं चालत नाही, २ चमचे तेल पाहिजेच आणि तवा इतका तापला पाहिजे की पीठ पडल्यापडल्या चर्र झालं पाहिजे. आधी कोळंबी नाहीतर चिकन पूर्ण परतून घ्या, मग पीठ ढवळून (दर वेळी ढवळा, खाली बसतं) डावभर ओता आणि तवा हातात धरून गोल फिरवा, जेवढं पातळ तेवढं भारी. अर्ध्या बाजूला मोड टाका, झाकण २ मिनिटं. मग झाकण काढायचं आणि परत ठेवायचंच नाही, कडेनं तेल सोडायचं, मध्यम गॅसवर ३-४ मिनिटं नुसतं बघत बसायचं. बरेच जण इथंच घाई करतात आणि लिबलिबीत खाऊन म्हणतात काय विशेष नाही. कडा आपोआप सुटल्या, खाली लालसर झालं की दुमडा. उलटायचं नाही.

बुडवून खायला लिंबू, साखर, पाणी, ठेचलेला लसूण, मिरची आणि फिश सॉस, नसेल तर सोया सॉस. तुकडा तोडून लेट्यूसच्या नाहीतर मोहरीच्या पानात पुदिना, कोथिंबीर घालून गुंडाळायचा आणि बुडवून तोंडात. चार जण असतील तर दोन तवे लावा, करून डब्यात भरू नका, वाफेनं मऊ पडतं.