गावच्या बंबाला देणगी आणि टॅक्समधली सूट: ओंटारिओत नव्याने आलेल्यांसाठी

ब्रँप्टन-मिसिसागा परवडत नाही म्हणून लहान गावात घर घेतलंत, तर तिथल्या फायर स्टेशनवर चोवीस तास माणसं असतील असं धरून चालू नका. अशा गावांत पेजर वाजला की शिक्षक, प्लंबर, शेतकरी हातातलं काम टाकून धावतात. मागून येणाऱ्या साध्या गाडीत हिरवा दिवा लुकलुकताना दिसला तर तिला वाट द्या. तो स्वयंसेवक जवान असतो, कुणाच्या तरी घराकडे निघालेला. या लोकांना आपल्या मंडळींनी हात सैल सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

देताना नाव मात्र नीट बघा. दल नगरपालिकेचं असेल तर चेक नगरपालिकेच्या नावे काढा आणि पैसे अग्निशमन दलासाठी आहेत असं लिहून द्या. नगरपालिका सीआरएच्या (कॅनडाच्या कर खात्याच्या) यादीत आहे ना, ते ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं. जवानांची संघटना बऱ्याचदा वेगळी असते. ती नोंदणीकृत नसेल तर करसवलतीची अधिकृत पावती मिळत नाही. कुणी ऑनलाइन गोळा करत असलेल्या वर्गणीचंही बहुधा तसंच. रॅफलच्या (सोडतीच्या) तिकिटावर सूट नाही, आणि दलाच्या मदतीसाठी ठेवलेल्या पॅनकेक ब्रेकफास्टचं तिकीट काढलंत तर खाण्याची किंमत वजा होते. तरी ब्रेकफास्टला जाच, ओळखी तिथेच होतात.

आता हिशेब. वर्षातल्या पहिल्या 200 डॉलरवर सूट बेताची असते. त्यापुढच्या रकमेवर केंद्राची 29 टक्के (उत्पन्न फारच जास्त असेल तर 33) आणि ओंटारिओची 11.16 टक्के, म्हणजे शंभरामागे साधारण 40 डॉलर. म्हणून नवरा-बायकोने आपापल्या रिटर्नमध्ये थोडं थोडं दाखवू नये. सगळ्या पावत्या एकाच्याच नावावर लावा, 200 ची पायरी एकदाच चढावी लागते. ही सूट फक्त भरायच्या करातून वजा होते, कर शून्य असेल तर हातात काही येत नाही. पहिल्या वर्षी नोकरी उशिरा लागली असेल तर पावती जपून ठेवा, पुढची पाच वर्षं वापरता येते. देणगी 31 डिसेंबरच्या आत द्या. भारतातल्या संस्थेची 80जी पावती इथे चालत नाही, हे अनेकांना एप्रिलमध्ये कळतं.

पैशांपेक्षा वेळ देणं जमत असेल तर फारच उत्तम. वर्षाला 200 तास सेवा भरली की स्वयंसेवक जवानांसाठी वेगळी सवलत आहे. 2024 पासून तिची आधाररक्कम 6,000 डॉलर झाली, आणि तिच्यावर सर्वात खालच्या दराने कर कमी होतो. मानधनातले 1,000 डॉलर करमुक्त घेतलेत तर मात्र ही सवलत मिळत नाही, दोन्हींपैकी एकच. भरती कधी आहे, ते थेट स्टेशनवर जाऊन विचारा. आगीचा अनुभव नसला तरी चालतं, प्रशिक्षण दलच देतं.