गावच्या मूर्तिकाराची आठवण लिहायचीय? आधी मूर्त्या शोधा

आमच्या वसईत चर्चमधल्या मूर्तीला हात लावून सगळे पाया पडतात, पण बनवली कोणी विचारलं की नुसते एकमेकांकडे बघतात. आमच्या पॅरिशमधले (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतले) एक मूर्तिकार काका वारले तेव्हा घरच्यांनी मला सांगितलं, वर्ष झाल्यावरच्या मिस्सेला (म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) दोन शब्द बोल आणि जमलं तर छोटी पुस्तिका पण कर. मी लगेच वही घेऊन घरोघर फिरलो, "काकांबद्दल काहीतरी सांगा ना" म्हणत. सगळीकडे एकच उत्तर, "फार देवमाणूस हो." आता ह्याचं काय लिहिणार!

मग उलटं केलं. काकांनी केलेल्या मूर्त्यांचे फोटो मोबाइलमधे काढले आणि तेच लोकांपुढे धरले. हातात बाळ येशू घेतलेल्या सेंट अँथनीचा फोटो बघितल्या बघितल्या एक आजी म्हणाल्या, अरे ह्या बाळ येशूचे पाय माझ्या धाकट्याचे, त्याला गूळ-शेंगदाणे देऊन स्टुलावर बसवला होता आणि तो सारखा उतरून पळायचा. बस, तिथून गाडी सुरू झाली. तर पहिलं काम हेच, माणसाबद्दल विचारू नका, वस्तू दाखवा आणि गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू ठेवून (विचारून हं, चोरून नको).

आता मूर्त्या शोधायच्या कशा. चर्चच्या मूर्तीवर बरेचदा सही नसते, त्यामुळे बैठकीची खालची बाजू आणि पाठ बघायची. लाकडी मूर्ती मोठी असेल तर ती तडकू नये म्हणून मागून पोखरलेली असते, त्या पोकळीत टॉर्च मारा. आम्हाला सेंट जोसेफच्या पाठीत पेन्सिलने लिहिलेलं सापडलं, "शिवण, पावसाळ्यात कापलेलं, फुटेल." (शिवण म्हणजे ते लाकूड.) अख्ख्या पुस्तिकेत काकांचा स्वतःचा आवाज कुठे असेल तर तो ह्या चार शब्दांत. आणि मूर्ती स्वतः हलवायला जाऊ नका, फादरना विचारून दोघं-तिघं मिळून करा, प्लॅस्टरच्या मूर्तीची बोटं आणि मनगट पटकन जातात.

फोटो काढताना फ्लॅश बंद. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूने, मूर्तीला जवळपास चिकटून धरा, पटाशीचे घाव उठून दिसतात. जाड ऑइल पेंट मारून ठेवलेला असतो ना (आमच्याकडे एका उत्साही ग्रुपने मरियामातेच्या पापण्यासुद्धा बुजवल्यात, असो), त्याच्याखालचं कामही थोडंफार कळतं.

यादीत संताचं नाव बरोबर टाका. किल्ल्या असतील तर पीटर, अंगात बाण तर सेबास्तियन, क्रूस आणि भाले दिसले तर आपल्याकडे बहुतेक गोन्सालो गार्सिया. ते वसईचेच, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्यांना क्रुसावर भाल्यांनी मारलं, 1862 मधे संतपद मिळालं. प्रत्येक मूर्तीपुढे लाकूड, प्लॅस्टर की फायबर, उंची, आणि कोणी सांगितलं तेही लिहा.

तारखांसाठी घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका, आमच्याकडे जन्मसाल तीन जणांनी तीन सांगितलं. पॅरिश ऑफिसमधल्या बाप्तिस्मा रजिस्टरमधे जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता मिळतात, आणि त्याच नोंदीच्या बाजूला लग्नाचीही नोंद केलेली असते, म्हणजे एकाच ओळीत दोन कामं. जुनी नोंद लॅटिन नायतर पोर्तुगीजमधे असू शकते, मग ऑफिसमधे कोणाला तरी वाचायला सांगा. जमलं तर 'सुवार्ता' ह्या ख्रिस्ती मासिकाचे जुने अंकही चाळा, वेळ जातो पण मजा येते.

लिहिताना "धार्मिक वृत्तीचे होते" असं वाक्य आलं की कापा. काका रविवारी मिस्सेला शेवटच्या बाकावर बसायचे, कारण तिथून वेदीवरची मूर्ती एका बाजूला झुकलीय का ते दिसायचं, हे लिहा. उधारी, चिडचिड, मधेच सोडलेली ऑर्डर पण येऊ द्या, फक्त काकूंना आधी वाचून दाखवा. आमच्या काकूंनी एकच गोष्ट काढायला लावली, आणि दारूची नव्हे, त्यांनी स्वतःच चोरून विकलेल्या सागवानी फळीची.

चर्चमधे बोलायचं असेल तर फादरना आठवडाभर आधी भेटा. साधारण कम्युनियननंतर (मिस्सेत प्रसाद देऊन झाला की) दोन-तीन मिनिटं मिळतात, प्रवचनाच्या जागी नाही. तेवढ्यात एकच मूर्ती घ्या, सगळा जीवनपट वाचू नका, पोरं चुळबुळ करतात.

पुस्तिकेची एक प्रत मूर्त्यांच्या यादीसकट ऑफिसमधे ठेवा, रंग काढायची वेळ आली तर रंगाऱ्याला खाली काय आहे ते कळेल. घरचे जुने फोटो परत करताना मागे नावं पेन्सिलने लिहा, हलक्या हाताने. बॉलपेन नको, दाबलं की पुढून चेहऱ्यावर उमटतं.